न भादरलेली घोडी

५ नोव्हेंबर

फिंटनच्या बोटांना आज शर्टाचं बटणही लावता येईना. स्नायूंचा हा आजार आता खांद्यापर्यंत आलाय. तरी घोडीला हात लावू देत नाही! धावताना तापू नये म्हणून ब्रायरचे दाट हिवाळी केस दरवर्षी तोच भादरायचा. "डिम्पना, तू तिच्या केसांत पायऱ्या पाडशील." मग तू भादर की! — ओठांवर आलेलं गिळलं. एकुलता भाऊ आहे.

८ नोव्हेंबर

उकाडा हटत नाही. सतरा अंश! गॉलवेत, नोव्हेंबरात! तबेल्यात माश्या. परवा कोल्ह्याच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस, आणि फिंटन हटूनच बसलाय — ब्रायरला ने. "तू गेलीस म्हणजे मी गेल्यासारखंच."

९ नोव्हेंबर

नेते.

१० नोव्हेंबर

लिहून टाकते.

निघतानाच ब्रायरची मान ओली झाली होती. अंगावर अस्वलासारखे केस! शिकारीचे प्रमुख टूमी लाल कोटात घामाघूम. "आज कुत्र्यांना वास लागायचा नाही. तासाभरात घरी जाऊ."

पण पहिल्याच झाडीतून कोल्हा उठला, कुत्रे सुटले. आणि मी — जन्मभर फाटकं शोधत सगळ्यांच्या मागून येणारी मी — दगडी गडग्यांवरून उडाले! एक, दोन, पाच. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं, फिंटनच दिसतेस!" इतकी खूश झाले. ब्रायरचा श्वास घरघरत होता. ऐकू येत होतं मला. म्हटलं, अजून एकच गडगा.

पलीकडे उतरलो आणि ती जागची हलेना. मी खाली उडी मारली. पाय फाकवून उभी. अंगातून वाफा, फेस. मग गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. टूमींनी टोपी भरभरून ओढ्याचं पाणी ओतलं. "घाबरू नकोस पोरी." छप्पन्न वर्षांची आहे मी! बाकीच्यांनी टोप्या काढल्या, तेव्हा कळलं, ती गेली.

११ नोव्हेंबर

खोटं बोलले. म्हटलं, ब्रायरचा पाय मुरगळलाय, टूमींच्या तबेल्यात ठेवलीय. फिंटनने एवढंच विचारलं —

"बरी पळाली का?"

"हो."

"मग झालं."

१३ नोव्हेंबर

पुन्हा विचारलंच नाही तिच्याबद्दल. एकदाही नाही! शिव्या घातल्या असत्या तर बरं. मी मारली तिला.

१५ नोव्हेंबर

गावात ऑर्ला भेटली — गुरांची डॉक्टर. रस्त्यातच रडले तिच्यापुढे. केस न भादरता, अशा उन्हात, माझ्या हौसेपायी... ती म्हणाली, "तुला ठाऊक नव्हतं? तिचं हृदय गेलं होतं गं. ऑगस्टमध्येच फिंटनला बजावलं होतं मी — हिच्यावर कुणीही बसायचं नाही. धावता धावता कोसळेल, अंगावरच्या माणसालाही घेऊन जाईल."

१६ नोव्हेंबर

फिंटनला सूप भरवताना विचारलं.

"तबेल्यात सडून मेली असती," म्हणाला. "माझ्यासारखी."

"आणि मी मेले असते तर?"

त्याने चमच्यापासून तोंड वळवलं. मग —

"वाटलं, तू कुठे जोरात पळवतेस."

वाटीत अर्धं सूप उरलं होतं. भरवलं.