चौथ्या मजल्यावरचे पुठ्ठे

बाबा,

तुमच्या हाताखाली मी कामाला लागले तेव्हा आबिड्स भागात बाहेरच्या कंपन्यांची ऑफिसं येत होती. बंद खिडक्या, एसी, भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकरीचे गालिचे, आणि गालिच्यांत कसर. कपाटांमागे चिकट पुठ्ठे ठेवायचे, दर सोमवारी त्यांवर चिकटलेले किडे मोजायचे, आकडा वाढला तरच औषध मारायचं, हे आपलं काम. माझ्याबरोबरच दिलसुखनगरची एक तेलुगू मुलगी लागली होती. ती गुडघ्यांवर बसते, गालिच्याची कड उचलते, नखानं धागे बाजूला सारते. "सार, पुरुगू हाय इथं." तुम्ही वाकून बघता. "हौ, अळी आहे की." मग माझ्याकडे वळता, "तू आत्ताच इथून गेलीस ना? तुला कशी दिसली नाही?"

हिमायतनगरच्या घरी जेवतानाही तिचंच. "त्या पोरीला नजर आहे," तुम्ही आईला सांगत होता आणि मी तुम्हाला वरण वाढत होते. तुमचं भिंग मी लहानपणापासून मागत होते. ते तुम्ही तिला दिलंत.

एका कंपनीच्या इमारतीतला चौथा मजला तिच्याकडे होता. एका सोमवारी मी तिच्या आधी पोचले, किड्यांनी भरलेले तिचे पुठ्ठे काढून पिशवीत टाकले आणि जागेवर कोरे ठेवले. पुढचे कितीतरी सोमवार तेच केलं. ती लिहीत गेली, किडे नाहीत. मग एक दिवस तिथल्या मोठ्या साहेबांच्या खोलीतलं कपाट हलवलं तर खालचा गालिचा हातात तुटून येऊ लागला. तुम्ही सगळ्यांसमोर तिला म्हणालात, "तुझ्यावर भरवसा ठेवला, हीच माझी चूक." ती मान खाली घालून उभी होती. मला बरं वाटलं, बाबा. खरंच वाटलं.

चार दिवसांनी तिनं काम सोडलं. जाताना जिन्यात मला थांबवून म्हणाली, "अक्का, तुमच्या पिशवीत माझे पुठ्ठे बघितले मी. सार बोलले त्याच दिवशी."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सारना लई लागलं असतं. तुम्ही त्यांच्या मुलगी."

शेवटच्या आजारपणात तुम्ही दोनदा विचारलंत, ती कुठं असते आता. मला ठाऊक होतं. मी म्हणाले, ठाऊक नाही. हे पत्र तर कुठंच जायचं नाही, म्हणून लिहिते. पुठ्ठ्यांची लाज हळूहळू कमी झाली, तिचा हेवा मात्र कमी झाला नाही. तुमच्या मनाला काय लागेल, हे तिला कळलं होतं.