हात कशानं कापायचे

अण्णा, तुमचे हात कशानं थरथर कापायचे ते मला कळलं आहे. तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. आता कळून उपयोग काय, असं आई म्हणते, आणि ते खरंच आहे. पण तुमच्याशिवाय हे सांगावं असं कोणी नाही.

अमरावतीत तुमच्याइतकी स्वच्छ मंगलाष्टकं म्हणणारा भिक्षुक नव्हता, असं अजून लोक सांगतात. मग तुमचं डोकं दुखायला लागलं, एकदा पूजेतच नाकातून रक्त आलं, आणि मामा तुम्हाला अकोल्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. रक्तदाब फार वाढलाय म्हणाले. पांढऱ्या गोळ्या दिल्या. "नवं औषध आहे, पण आपल्याच सर्पगंधेच्या मुळीतून काढलेलं," हे ऐकून तुम्ही खूश झालात. डोकं खरोखर शांत झालं. पण थोड्या महिन्यांनी सकाळच्या संध्येत पळीतलं पाणी तळहातावर पडायच्या आधीच सांडायला लागलं. दर्यापूरच्या वास्तुशांतीत तर तूप कुंडाबाहेर, यजमानीणबाईंच्या पदरावर पडलं. यजमान हळूच म्हणाले, "गुरुजी, तुमी बसा जराशे. दुसरे गुरुजी करतीन." मागे कुणीतरी पुटपुटलं, "सकायीच घेऊन येतेत का काय?" तुम्ही ते ऐकलंत. त्यानंतर तुम्ही बोलणंच कमी केलंत. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसायचात, चेहरा मातीचा केल्यासारखा. आई चहाचा पेला अर्धाच भरून द्यायची. एकदा तिला म्हणालात, "माझ्या हातून काई तरी चुकलं असन. देव हात काढून घेऊन राह्यला." मी पोळ्या लाटत होते. ते वाक्य माझ्या कानातून अजून गेलेलं नाही.

मग मामा कुठे परगावी गेला, गोळ्या संपल्या आणि आणायला कोणी नव्हतं. तुमचे हात हळूहळू स्थिरावले. ते सगळ्यात आधी तुमच्याच लक्षात आलं. मला घेऊन तुम्ही अकोल्याला गेलात. डॉक्टर चिडलेच. "हात कापतात ते वयानं आणि मनाच्या धास्तीनं. गोळी सोडलीत तर डोक्यातली शीर फुटेल."

"डाक्टरसाहेब, गोळी घेतली का हात कापतेत, सोडली का थांबतेत. मले दिसून राह्यलं."

"मग हात हवेत का जीव?"

तुम्ही नमस्कार केलात आणि उठलात. परतीच्या गाडीत बडनेरा आलं. मग तुमचा हात माझ्या तळहातावर ठेवलात. "पाह्य बरं, हालते का?" हलत नव्हता. मी हसले, तुम्हीही हसलात. माझ्या मॅट्रिकच्या त्या वर्षात मी तुम्हाला हसताना पाहिलं ते तेवढंच.

धामणगावच्या लग्नात तुम्ही होमाला बसलात तेव्हा तुपाची धार सरळ पडली. आई मांडवाच्या खांबाआड डोळे पुसत होती. त्या लग्नानंतर बोलावणी पुन्हा यायला लागली. आणि एका सकाळी अंगणात जास्वंदीची फुलं काढता काढता तुम्ही खाली बसलात, डावी बाजू गेलेली, तोंडातून शब्द नाही. दिवस मावळायच्या आत संपलंच. मामा एवढंच म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलं होतं." खोटं काय म्हणाला?

मी पुढे औषधशास्त्र शिकले, भिक्षुकाची पोरगी उंदीर मारते असं नातेवाईक म्हणाले तरी. आमच्या प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांना सर्पगंधेतल्या त्याच औषधाची सुई देतात. काही तासांनी उंदीर पाठ वाकवून बसतो, पापण्या मिटत येतात, समोर दाणे असून खात नाही आणि त्याचे पाय थरथरत राहतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. सरांना वाटलं, मला किळस आली. नंतर त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूत खोलवर एक जागा आहे. हालचाल सुरळीत ठेवणारं एक द्रव्य तिथे साठलेलं असतं. हे औषध तो साठा रिकामा करतं. मग त्याच्या उलट काम करणारं दुसरं द्रव्य शिरजोर होतं आणि अंग कापायला लागतं. साठा भरून निघेल अशी दुसरी सुई दिली की उंदीर मान वर करतो, चालायला लागतो. एवढंच होतं, अण्णा. दारू नव्हती, धास्ती नव्हती.

मी आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. "म्हणजे देव कोपला नव्हता?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. ती सुपातले खडे वेचत राहिली. "मंग गोळी सोडली ते त्यायनं बरोबर केलं का चूक केलं?" तुमचं बरोबर होतं आणि डॉक्टरांचंही बरोबर होतं, हे तिला कोणत्या तोंडानं सांगू?

हे कागद मी कुठे पाठवणार! पण लिहायलाच बसले आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. उंदीर थरथरत असतो, दुसरी सुई भरून माझ्या हातात तयार असते, आणि मी लगेच टोचत नाही. सगळ्यांना वाटतं, बाई बारकाईनं निरीक्षण करतेय. त्या जिवाला त्रास होत असतो, ते मला कळतं. पण सुई टोचली की तो पुन्हा नुसता उंदीर होतो, पंजांनी तोंड पुसायला लागतो. तोवर, तेवढा वेळ, तुम्ही तिथे बसलेले असता.