जोडारी काय विचारतो

सोमवार, ता. ४
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. ही वही दादाने दिली, रोज लिहायच्या अटीवर. आईबाबा गेल्यावर या थोरल्या भावानेच मला वाढवलं. पायाने अधू, त्यामुळे घरीच बसून घड्याळं दुरुस्त करतो आणि फावल्या वेळात माझी थट्टा. यंत्रं उलटून बोलत नाहीत म्हणून माझं त्यांच्याशी पटतं, असं त्याचं मत आहे.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, खाली गाद्यांचं दुकान. जिना चढेपर्यंत ओढणीला कापूस चिकटतो. लिफ्ट कशी चालवायची हे ठरवणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. माझ्या खुर्चीचा एक पाय डुगडुगतो, ड्रॉवरमध्ये आधीच्या माणसाचा कंगवा पडलेला आहे. दाराजवळ बसणाऱ्या चष्मेवालीकडे चाचणीचं काम. दहा मिनिटांत तिने माझी सगळी कुंडली काढली. आवडली मला.

बुधवार, ता. ६
माझ्याकडे बिल्ड आला. रोज दुपारी सव्वा वाजता सगळ्यांचं काम आपोआप गोळा होतं, तपासलं जातं, बांधून तयार होतं. कोणी हात लावायचा नाही. मध्ये बिल्ड एका बाहेरच्या, जुनाट प्रोग्रॅमला बोलावतो. तुकडे जोडतो म्हणून त्याला सगळे जोडारी म्हणतात. हा जोडारी मध्येच थांबून काहीतरी विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत अडून बसायचा. माझ्या आधीच्या माणसाने त्यावर तोड काढली. एका फाइलमध्ये पाच हजार ओळी लिहिल्या, प्रत्येक ओळीत नुसतं ‘हो’, आणि जोडाऱ्याचं इनपुट त्या फाइलकडे वळवलं. त्याचं आउटपुट, म्हणजे तो जे बोलतो ते, कुठेच जाऊ नये अशी सोय केली. चार वर्षं तो विचारतोय आणि आम्ही न ऐकता मान डोलावतोय.

साहेबांना विचारलं, की तो नेमकं विचारतो काय. ते म्हणाले, चाललंय ते चालू दे. आमच्या धंद्यात माणसं टिकत नाहीत, चार वर्षांत एकोणीसजण राजीनामाही न देता गेले, पण बिल्ड एकदाही अडला नाही. हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं.

शुक्रवार, ता. ८
राहवेना. जोडाऱ्याचं आउटपुट एका फाइलकडे वळवलं. सव्वा वाजता एकच ओळ आली: दाराजवळच्या बाईला नेऊ का? खाली आमचं उत्तर: हो.

आधीच्या माणसाचा वात्रटपणा असणार. चष्मेवालीला दाखवलं तर ती पोट धरून हसली. ने रे बाबा, म्हणाली, सोमवारची चाचणी तरी टळेल. मग डबा धुवायला गेली ती दिसली नाही. लवकर घरी गेली असावी.

सोमवार, ता. ११
चष्मेवाली आली नाही. तिची पर्स शुक्रवारपासून खुर्चीला लटकते आहे. किल्ल्या आत, फोन आत. साहेब म्हणाले, विसावी. पर्स टाकून कोण नोकरी सोडतं?

सव्वा वाजता: जिन्याजवळच्या रखवालदाराला नेऊ का? हो.

मी धावत खाली गेले. स्टूल होतं, त्यावर अर्धा चहा. कप गरम होता. पाचावर धारण बसली माझी. मीच कशाला ते आउटपुट उघडून बघितलं? हात दाखवून अवलक्षण. पण न बघताही माणसं जातच होती ना.

मंगळवार, ता. १२
साहेबांना त्या ओळी दाखवल्या, त्यांनी कानांवर हात ठेवले. म्हणून न विचारता जोडाऱ्याला बिल्डमधून काढून टाकलं. बिल्ड त्याच्याशिवाय पुरा झाला. तरीही फाइलमध्ये ओळी आल्या.

मोठ्या खोलीतल्या साहेबांना नेऊ का?
उत्तर आले नाही. हो धरले.

त्यांची फिरती खुर्ची अजून फिरत होती. सगळे म्हणतात, मीटिंगला गेले.

बुधवार, ता. १३
त्याला परत जोडलं. इनपुट माझ्या कीबोर्डकडे घेतलं. आता उत्तर मी देणार.

त्याने एकाबद्दल विचारलं. मी लिहिलं, नाही. लगेच दुसऱ्याबद्दल. नाही. मग तिसऱ्याबद्दल. आता सव्वा वाजायची वाट बघत नाही, दर मिनिटाला विचारतो. आणि मग—

घड्याळवाल्या दादाला नेऊ का?

त्याला दादा कसा माहीत? नाही. नाही. नाही. पाणी प्यायलाही उठता येत नाही. एखादं उत्तर द्यायचं राहिलं तर हो धरेल.

गुरुवार, ता. १४
रात्रभर कीबोर्डसमोरच होते. दोन प्रश्नांच्या मधल्या वेळात फाइल बनवली. पाच हजार ओळी, प्रत्येकीत ‘नाही’. इनपुट तिकडे वळवलं. फाइल संपली की पुन्हा पहिल्यापासून. आता विचार म्हणावं हवं तितकं.

आउटपुट बंद केलं. दादाचं नाव पुन्हा पुन्हा वाचवत नाही. दादाला फोन केला. म्हणाला, खुर्ची घरी घेऊन ये, पाय बसवून देतो. मी रडले. त्याला वाटलं, खुर्चीसाठी.

सोमवार, ता. १८
चार दिवस शांत. जेवले, झोपले. सकाळी निघताना दादा भिंगातून एका घड्याळात डोकावत होता, वर न बघताच म्हणाला, लवकर ये.

सव्वा वाजता उगाच धाकधूक. आउटपुट पुन्हा फाइलकडे वळवलं—

घड्याळवाल्या दादाला राहू देऊ का?
नाही.

त्याने प्रश्न फिरवला. आणि मी ऐकतच नव्हते. मीसुद्धा.

दादा फोन उचलत नाही. शेजारच्या काकूंना पाठवलं. दार उघडं आहे म्हणतात. टेबलावर घड्याळ उघडं, भिंग तिथेच. दादा नाही. कुबडी भिंतीला टेकून उभी आहे.

कुबडीशिवाय तो दोन पावलंही—

मी मारलं त्याला. फाइल करून.

सोमवारच, दुपार
कीबोर्ड पुन्हा हाताशी. लिहिलं, दादाला परत दे. काही नाही. शंभरदा लिहिलं. तो उत्तर देत नाही, फक्त विचारतो.

आता विचारलं.

तुला त्याच्याकडे नेऊ का?

तीनदा वाचलं. ‘राहू’ नाही, ‘नेऊ’. कुठे, ते नाही. परत आणेन, असंही नाही. पण त्याच्याकडे म्हणतो. कुबडीशिवाय एकटा आहे तो.

कुबडी आणायला वेळ नाही. उत्तर दिलं नाही तरी हो धरेलच. मग माझं ‘हो’ मीच म्हणते.

या खुर्चीवर जे कोणी बसेल, त्यांनी आधी आउटपुट वाचा, रोज वाचा, आणि त्याने काहीही विचारलं तरी तुम्ही—