हिरवं ठिगळ

सोमवार, सन १९५५. चिंचवड, पोलीस लाईन.

सून बाळंतपणाला माहेरी गेली, म्हणून लेकाला भाकरी घालायला मी आले. ज्योतीराम पोलीस शिपाई हाय. खोली एकच, पण उजेडाची, आणि पवना इतकी जवळ की धुणं आपटलेलं चुलीपाशी ऐकू येतं. मला लई आवडलं. रात्रशाळेत अक्षरं शिकले ती गंजू नयेत म्हणून रोज थोडं लिहीन.

आल्या आल्या त्याच्या वर्दीचा सदरा बघितला. कोपर फाटलेलं. जोडीचं कापड न्हाई, म्हणून माझ्या लुगड्याचा पदर कापून हिरवं ठिगळ मारलं. म्हणाला, आई, मी शिपाई हाय का पोतराज? मी म्हणाले, उघड्या कोपरापेक्षा पोतराज बरा.

बुधवार.

केस पिकले, पण पोलिसांचा संप पहिल्यांदा बघितला. सुट्टी न्हाई, पगारात भागत न्हाई, वर सायबाची म्हैस धुवायची. गाऱ्हाणं खरं हाय. सगळ्यांनी वर्द्या उतरवून पारावर ढीग घातला आणि शपथ घेतली, मागण्या मान्य होईतो हात लावायचा न्हाई. जमादार आबाजी धोतरावर उभे होते. सोललेल्या कांद्यासारखे दिसत होते.

गुरुवार.

ढिगावर कुत्रं झोपलेलं बघवेना. शपथ त्यांची, माझी न्हाई. वर्द्या नदीवर नेल्या, धुतल्या, पेजेची खळ दिली, कुंपणावर वाळत घातल्या. खिशातल्या शिट्ट्या राखेनं घासून परत खिशात ठेवल्या. भाकऱ्या थापून आले तर कुंपण रिकामं. चिंधीसुद्धा न्हाई.

ज्योतीराम रिकामं कुंपण बघून आला आणि भाकरी मोडायला बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शनिवार.

ओढ्याकडची छबूबाई आली. अनवाणी, पदराला रक्त. तिच्या नवऱ्याची, सोपानरावाची, जमीन रंगराव दलाल कारखान्यासाठी मागत होता. सोपानराव देत नव्हता. दुपारी वाटेवर शिट्टी वाजली. पोलीस परत आले, म्हणून सोपानराव हसत बाहेर गेला. वर्दीतली माणसं होती, खळीची कडक वर्दी. बाकीच्यांनी हात धरले, एकानं कुऱ्हाड घातली. मान लवकर तुटेना, तर पाय देऊन तोडली.

ती माझ्या कापलेल्या पदराकडे बघत होती.

"कुऱ्हाड धरलेल्या कोपराला हिरवं ठिगळ होतं, गोजाबाई."

ज्योतीराम त्या वेळी माझ्यासमोर जेवत होता. सांगितलं तिला. म्हणाली, आई दुसरं काय सांगणार.

ज्योतीरामला हे बोलले न्हाई. घास उतरला नसता त्याला. उद्या सांगेन.

रविवार.

पुन्हा शिट्टी. आकुर्डीच्या वाटेला दोन घरं जाळली, माणसांसकट. त्यांनीही जमीन दिली नव्हती. लोक म्हणतात, संपवाले पोलीसच कापतात.

लोकांनी आबाजीला बाजारात धरलं. धोतरावर होता, तरी धरलं. दगडांनी तोंडाचा असा चेंदा केला की बायकोनं पायाच्या कुरूपावरून ओळखला. आजही ज्योतीरामला सांगायचं धाडस झालं न्हाई —

सांजेला सरकारचा हुकूम आला. उद्या वर्दीवर हजर राहील त्याचीच नोकरी. बाकीच्यांनी खोल्या सोडाव्या.

सोमवार. सकाळ.

नदीवरून आले तर ज्योतीराम गेलेला. रंगरावाच्या वखारीत वर्द्या हायत, असं कुणीतरी त्याला बोलून गेलं. शेजारणीपाशी निरोप ठेवला — "आईला म्हणावं, खळ तिनं दिली, आणायला मी जातो."

कुऱ्हाडवाल्याच्या कोपराला तेच ठिगळ होतं, हे त्याला ठाऊक न्हाई. मी सांगितलंच न्हाई.

दुपार.

सगळं गाव लाईनीच्या फाटकाशी. कोयते, पहारी. ठिगळवाला बाहेर काढा म्हणतात. छबूबाई सगळ्यांच्या पुढं. दाराला कडी घातली. कात्री मांडीवर घेऊन लिहितेय. तो मागून आला तर आधी ठिगळ उसवायचं, मग —

शिट्टी.

आमचीच. राखेनं घासलेली. नदीकडून.

गर्दी वळली.

खिडकीतून दिसतोय. वर्दी घातली त्यानं. मिळवली. तोंड सुजलंय, पण हसतोय — मला दाखवायला शिट्टी वाजवतोय — गर्दी कशाची, त्याला वाटतं हजेरीची —

हात वर केला. कोपरावर ऊन पडलंय. लांबून दिसतं. हिरवंगार.

छबूबाईनं बोट केलं.

कडी निघेना. हात खाली घे रे ज्योती — हात खा—