बाबांची शेवटची माशी

१२ मार्च, दुपार

प्रिय दादास,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. एक दाढ गेली, बाकीचे दात हजर आहेत.

शाळेत सिस्टर सांगायच्या, कबुली पहिल्याच ओळीत द्यावी. मी दुसऱ्या परिच्छेदात देते आहे, तेवढं चालवून घे. बाबांनी मासे धरायला गळाला पिसं गुंडाळून केलेली शेवटची माशी माझ्याकडून गेली. त्यांचं कपाट आवरताना डबी माझ्या हातात देऊन तू बजावलं होतंस, "ही फक्त बघायची."

काल ती नदीवर नेली. दुसऱ्याच फेकीला हातभर मासा लागला. पाण्यातच जाळीत धरून पाहते, तर ओठाला काही नाही. माशी पार घशात, नुसता दोरा बाहेर. मला ती परत हवी होती. चिमटा घालून ओढलं, तसा तो अख्खा थरथरला.

बाबा म्हणायचे, "चिमणे, खोल गेलेला गळ उपटायचा नाही. आत राहिला तर मासा जगेल तरी."

दोरा तोंडाशी कापला. ओल्या हातांनी त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. माझे पाय बधिर झाले, पण सोडला नाही. मग कल्ले नीट हलू लागले आणि मनगटावर शेपटी मारून तो गेला. जगला का, देव जाणे.

इस्पितळात तूही तेच म्हणाला होतास. "बाबांची गाठ आहे तिथे असू दे, दोन वर्षं तरी मिळतील." मीच हट्ट धरला, मुळासकट काढा. कागदावर सही माझी. बाबा ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाहीत, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की डॉक्टरांनी घाई केली. तू शेजारी उभा होतास. एकदाही मला खोटं पाडलं नाहीस. तुझं ते गप्प राहणं सोसेना, म्हणून तीन वर्षं तुझं दार टाळलं.

आता टाळणार नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. नको म्हणालास तरी येईन. वहिनी आणि मुलांसमोर खरं काय ते मीच सांगेन. मध्ये बोलून मला सावरू नकोस. रिकामी डबी आणते आहे, ती तुझ्याकडे राहू दे.

त्याच हाताने ही सही करणारी,
तुझी चिमणी