मार्गितचं विरजण

वॉस, २ डिसेंबर १८९४
आज सासरी आले! सिवर्टनं बर्फावरून घसरगाडीत बसवून आणलं, सासूबाईंनी दारातच किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला अडकवला. इथल्या तांब्याच्या कढईत बसून मी सहज अंघोळ करीन. अख्ख्या नॉर्वेत एवढी मोठी नसेल. नाताळची बिअर यंदा मी करणार. माझ्या हातची पिऊन माहेरचे पाद्रीबाबा खुर्चीतच घोरायचे. बघू या, इथले किती टिकतात.

६ डिसेंबर
सिवर्टच्या पहिल्या बायकोला, मार्गितला, जाऊन दोन वर्षं झाली, पण इथे उठता-बसता तिचंच कौतुक. तिच्या बिअरचं विरजण लाकडी कड्यावर वाळवून अजून तुळईला टांगलेलं आहे. सासूबाई म्हणाल्या, "विरजण टाकताना आरोळी ठोकावी ती मार्गितनंच! आरोळी मोठी, तेवढी बिअर जहाल. तुझा आवाज म्हणजे अगदीच कोकराचा गं." ते ऐकून सिवर्ट हसला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझा नुसता जळफळाट झाला.

१० डिसेंबर
मोड आणलेल्या सातूचा रस सकाळपासून आटवला, काकवीसारखा तांबूस होईपर्यंत. कुणी नाही असं बघून मार्गितचं कडं कढईखाली जाळात घातलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग पिंपातल्या रसात माझ्या आईचं विरजण टाकलं आणि आरोळीसाठी छाती भरून श्वास घेतला. कड्याचा धूर घशात गेला. आरोळी निघाली ती माझी नव्हती. सिवर्ट गोठ्यातून धावत आला. "मार्गित!" म्हणाला.

१२ डिसेंबर
बोलायला गेले की तिचाच आवाज येतो. आणि बोललं की माझं काहीतरी जातं. काल मीठ मागितलं, तेव्हापासून आईचा चेहरा आठवत नाही. आज मांजर हाकललं आणि माहेरच्या गावाचं नाव गेलं. सासूबाई खूश आहेत. घर पुन्हा भरल्यासारखं वाटतं, म्हणाल्या.

१३ डिसेंबर
बिअर चाखली. जहाल. सगळे म्हणाले, अगदी मार्गितची — मी ओरडले, माझी आहे, माझी! तिच्याच आवाजात.
चुकलं. माझं म्हणून आत आता फक्त माझं नाव उरलंय. बोलायचं नाही. एक शब्दही —

१४ डिसेंबर
सिवर्ट शेजारी येऊन बसलाय. रडतोय. एकदाच हाक मार म्हणतो, एकदाच —
मेल्या, माझ्यासाठी कधी —
ठाऊक आहे, त्याला कुणाला ऐकायचंय. पण असं माझ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. त्यानं माझा हात धरलाय —
एकच हाक. मग गप्प. नुसतं सिवर्ट म्हणते, आणि लगेच माझं नाव इथे लि