शिवणीतली माया

तिरोडा,
१७ एप्रिल

प्रिय रीता,

सप्रेम नमस्कार. जावईबापूंना नमस्कार सांग आणि टीनाचा गालगुच्चा घे. आईंच्या डोळ्यांत थेंब टाकणं सुरू आहे, त्यांना आता दारात कोण उभं आहे ते ओळखू येतं. इकडे बाकी सर्व खुशाल.

शेजारचा इंद्रकुमार दुकानाचा माल आणायला दुर्गला निघाला आहे, त्याच्या हाती पिशवी पाठवते. उघडल्या उघडल्या ओरडू नकोस. सालेकसा गावच्या लग्नासाठी इकडे आलीस तेव्हा कपाटातले तुझे कॉलेजातले सुती कुर्ते पाहून "फेकून दे वहिनी" म्हणालीस ना? फेकते कशाला! पिवळ्या कुर्त्याचे टीनाला दोन झबल्यासारखे फ्रॉक झाले. काखेत विरलं होतं तेवढं कापून टाकलं, बाह्यांच्या कापडाची खाली झालर लावली. हिरव्याचा रंग उडाला होता, पण उलटी बाजू अजून टवटवीत होती. मग सगळा उसवला आणि उलट्या बाजूने शिवला. भाताच्या पेजेची खळ देऊन इस्त्री केली, तर आई हात फिरवून म्हणाल्या, "नवा आनला का वं?"

तुझ्यासाठी गाऊन आहे, आईंच्या जुन्या सुती साडीचा. उन्हाळ्यात त्याच्याइतकं थंड काही नाही. कडेला शिवणीत भरपूर कापड ठेवलं आहे. अनुसयाबाईंच्या शिवणक्लासमध्ये तू कडेला कडा लावून शिवायचीस आणि ब्लाउज अंगात शिरला नाही की माझ्या नावाने बोटं मोडायचीस. बाई ओरडायच्या, "पोरींनो, शिवणीत माया ठेवा. अंग बदलते, कपडा नाई बदलत." आणि तू बिचाऱ्या बाईंना विचारलंस, "माया किती इंच ठेवाची बाई?" वर्ग हसून हसून बेजार. तेव्हा कुठे माहीत होतं की तुझ्याच घरात नांदायला येईन!

यंदा मला काय झालं आहे कोण जाणे, मशीनवरून उठवत नाही. उठले तरी पुन्हा जाऊन बसते. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, आईंचे परकर झाले. काल एक चांगला शिवलेला अभ्रा उसवून पुन्हा शिवला. आई म्हणतात हिच्या पायाला भिंगरी लागली आहे. भिंगरी नाही, मशीनच लागली आहे.

तुझे दादा मजेत. मोटारपंपाच्या दुकानात सध्या गर्दी आहे, उन्हाळी धानाला पाणी लागतं ना. त्यांच्या शर्टांच्या पूर्ण बाह्या कापून अर्ध्या केल्या, घासलेल्या कॉलरी उलटवल्या. थोडे ढिले होत होते, तेही दाबून दिले.

गाऊन घालून पाहा आणि कळव. बसला नाही तर उसवता येईल.

तुझी,
चेतना

•

तिरोडा,
९ मे

रीता,

टीनाचा पिवळ्या फ्रॉकमधला फोटो आला. आईंनी मोबाइल डोळ्यांना चिकटवून पाहिला. परवा फोनवर तू विचारलंस, "वहिनी, तू अशी तुटक काऊन बोलून राहिली?" हे शेजारीच खाटेवर पडले होते, म्हणून. आपल्या घरात फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय कोणी बोलत नाही, तुला माहीत आहे. म्हणून हे पोस्टाने पाठवते. वाचून लगेच फोन लावू नकोस, तुला टीनाची शपथ.

मागच्या वेळी सर्व खुशाल लिहिलं ते खोटं होतं. तुझे दादा सुकत चालले आहेत.

संक्रांतीच्या सुमारास म्हणाले, "शर्ट ढिला झाला, जरा दाबून दे." दिला. बिनाकामाची चरबी उतरली म्हणून दोघंही हसलो. मग होळीच्या आत पुन्हा ढिला झाला. तेव्हा ते काही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. धुवायला टाकला तसा काढून घेतला, वाळल्यावर कडेने आणखी एक टीप मारली आणि घडी करून ठेवून दिला. त्यांना कळलंही नाही. एका शर्टाचं केलं तर बाकीच्यांचंही करावं लागलं. पँटींच्या कमरा झाल्या. सालेकसाच्या लग्नाच्या आधी पुन्हा सगळं केलं. घास अर्धा टाकून उठतात, दुपारी दुकानात बसल्या बसल्या डोळा लागतो, घामाने अंथरूण ओलं होतं. आणि मी टिपा मारते आहे.

आधी वाटलं, लोकांच्या नजरेत यायला नको. आईंनी घाबरायला नको. लग्नात तू पाहिलंस आणि म्हणालीस, "दादा तं जसाच्या तसा हाय, तूच वाळून राहिली वहिनी." मला तेव्हा शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं. जळो ती शाबासकी.

खरी गोष्ट पुढेच आहे. गेल्या आठवड्यात मी धीर करून म्हटलं, नागपूरला दाखवून येऊ. हे आरशासमोर गेले, शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "पाय इकडे. खांद्यात बराबर, पोटात बराबर. फागुनात जसा बसत होता तसाच बसून राहिला. सुकनं थांबलं आता. कायले जाचं नागपूरले?"

रीता, त्यांचा काटा म्हणजे तो शर्ट, आणि त्या काट्याखाली माझंच बोट.

बाबूजींचं त्यांच्या मनातून जात नाही. आपले वडील, यादोराव पटले, पायी चालत तपासणीला गेले आणि महिन्याभरात संपले, ते त्या तपासणीमुळेच, असं हे धरून बसले आहेत. म्हणतात, "मानूस रोगानं नाई मरत, नाव कळल्यानं मरते." वरून हसतात. आई रोज त्यांच्या कपाळाला अंगारा लावतात, तो मात्र निमूट लावून घेतात.

आता टिपा उसवाव्या तर एका सकाळी शर्ट अंगावर लोंबेल आणि यांचं काळीज फाटेल. न उसवाव्या तर हे जाणार नाहीत. मी रोज मशीनचं झाकण काढते, परत ठेवते. भाजी करपते. काल अंगणात धान वाळत घातलं होतं ते सोडून शेजारच्या गल्लीत चालत गेले आणि कशाला आले तेच आठवेना.

तू आलीस तर ते तुझं ऐकतील असं वाटतं. पण तू काय म्हणून येशील? तूच तर जसाच्या तसा म्हणून गेलीस. मीच तुझ्या तोंडी घातलं ते.

चेतना

•

तिरोडा,
३० मे

रीता,

इंद्रकुमार उद्या पहाटेच्या गाडीने निघतो आहे, म्हणून घाईत लिहिते. आता फोनवर बोलायला हरकत नाही, पण मी रडेन आणि तू माझ्याहून मोठ्याने. मग ज्याला धीर द्यायचा तोच दोघींना पाणी देत बसेल.

नवतपा सुरू झाला, तुला आठवतात ना इथले हे नऊ आगीचे दिवस. परवा दुपारी लाइन गेली, कूलर बंद पडला. हे दुकानातून घामाने चिंब होऊन आले आणि बंद पंख्याखाली उभे राहून कडेला खाजवू लागले. "ही शिवण काऊन टोचून राहिली वं? आत गाठोडं बांधून ठेवलं का?" शर्ट काढून माझ्याकडे फेकला. "आतलं फालतू कापड कापून टाक."

मी कैची घेतली. शर्ट उलटा केला. दोन्ही कडांना कापड दुमडून दुमडून जाड झालं होतं, माझ्या बोटाएवढं. कापलं असतं तर टोचणं थांबलं असतं, आणि कोणाला कधी कळलंही नसतं. कैची लावलीसुद्धा. पण हात पुढे जाईना. ते कापड कापलं की शर्ट कायमचा एवढाच, आणि माणूसही एवढाच, असं मनात आलं. मी कैची खाली ठेवली आणि उलटा शर्ट त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला.

त्यांनी पाहिलं. टिपा वेगवेगळ्या रंगांच्या होत्या, बॉबिनवर तेव्हा जो धागा असेल तो. त्यांनी पांढऱ्या टिपेवर बोट ठेवलं. "ही?"

"संक्रांतीची. तुम्हीच मारायला लावली होती."

"आन् ही निळी?"

"होळीच्या आधीची."

"ही?"

"लग्नाच्या वेळची."

शेवटची पिवळी होती, तुझ्या कुर्त्याच्या धाग्याची. तिच्यावर बोट ठेवून विचारलंच नाही. म्हणाले, "फसवलं तू मले." मी हो म्हटलं. मग आवाज चढला, आई आतून "काय झालं, काय झालं" करत आल्या. "मी आरशात पाहून राहिलो रोज, आन् तू आत बसून माप बदलून राहिली? शरम नाई वाटली?" मीही मग बोलले. म्हटलं, वाटली, पण भीती त्याच्याहून जास्त वाटली. तुम्ही अंगारा लावून घेता, माझं एक वाक्य ऐकून घेत नाही. मी कुठे जाऊ? भांडण एवढं झालं की इंद्रकुमारची बायको भिंतीवरून डोकावून गेली.

नुसत्या बनियनवर गाडी काढून निघून गेले. बोदलकसा तलावाच्या पाळीवर जाऊन बसले असतील असं मला वाटलंच, बाबूजी गेले तेव्हाही तिथेच जाऊन बसले होते. मी दारात उभी, आत जाऊ, परत दारात. आई एका जागी बसून जप करत होत्या. त्या मला एवढंच म्हणाल्या, "बस वं माय थोडी."

दिवेलागणीला परत आले. हातपाय धुतले, जेवायला बसले नाहीत. शर्ट तिथेच पडला होता तो उचलून माझ्याजवळ आणला. "एवढं कापड आत कायले ठेवलं? तेव्हाच कापून टाकाचं होतं."

म्हटलं, "माया आहे ती. कापली असती तर पुन्हा उसवता आलं नसतं. तुमचं अंग भरलं म्हणजे लागेल ना."

ते मग माझ्याजवळ खाली बसले, शर्टाचं एक टोक स्वतः ताणून धरलं आणि म्हणाले, "उसव. सगळ्या उसव."

मी ब्लेड घेऊन एकेक टीप उसवली, ते टोक धरून बसले. पिवळी, मग लग्नाची, मग निळी. पांढरीही उसवायला लावली. झाल्यावर उठले, शर्ट घातला, बटणं लावली आणि आरशासमोर गेले. रीता, मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. एवढे दिवस टिपा मारत होते, पण किती ते मलाही कळलं नव्हतं. शर्ट खांद्यावरून घसरत होता. मी तोंडावर पदर घेतला.

हे मात्र आरशातच पाहत म्हणाले, "सोमवारी हाच घालून जातो नागपूरले. डाक्टरले बी खरं माप दिसलं पायजे."

मी म्हटलं, निदान इस्त्री तरी करून देते. तेवढी करू दिली.

तर सोमवारी आम्ही निघतो. दुर्गहून नागपूरला जाणारी सकाळची गाडी तिरोड्याला थांबत नाही, म्हणून आम्ही मागे गोंदियाला येऊन तीच पकडू. तू तिनेच ये, डब्याच्या दारात उभी राहा. टीनाला तुझ्या सासूबाईंकडे ठेव. पुढे काय निघेल मला माहीत नाही, आणि सर्व खुशाल असं मी आता लिहीत नाही.

एकच ऐक. दादाला पाहून दचकू नकोस, आणि जसाच्या तसा हाय असंही म्हणू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि शर्ट ढिला आहे म्हण, चिडवून म्हण, जसं लहानपणी म्हणायचीस. विचारतील तर सांग, वहिनीने कापड कापलं नाही, दोन्ही कडांना आत तसंच आहे.

वाट पाहणारी,
तुझी चेतना